रेनबो सिक्स : लॉकडाउन (२००५ चा, २०२० चा नव्हे)



'लॉकडाउन' म्हटलं की आता सगळ्यांना २०२० साल आठवतं. मला त्या शब्दाबरोबर अजूनही २००५ चा सप्टेंबर आठवतो आणि थोडी चिडचिड होते. 'रेनबो सिक्स : लॉकडाउन' नावाचा व्हिडिओ गेम त्या महिन्यात एक्सबॉक्स, प्लेस्टेशन टू आणि गेमक्यूबवर आला. गंमत म्हणजे त्याच्या कथेतही प्रयोगशाळेत बनवलेला एक जीवघेणा विषाणू आहे आणि अतिरेकी तो पळवतात. पण भविष्यवाणी वगैरे काही नाही हो, तेव्हा दर तिसऱ्या गेममध्ये विषाणूच असायचा.

गेम हे पोराटोरांचं काम असं ज्यांचं मत आहे त्यांनी दिवे घ्यावेत आणि तरीही पुढे वाचावं. यात बंदुका कमी आणि गप्पा जास्त आहेत.

आधी थोडं मागे जावं लागेल. पहिला 'रेनबो सिक्स' ऑगस्ट १९९८ मध्ये पीसीवर आला. टॉम क्लॅन्सीची त्याच नावाची जाडजूड कादंबरीही त्याच महिन्यात आली. गेम बनवणारी रेड स्टॉर्म ही कंपनी क्लॅन्सीने १९९६ साली सहसंस्थापक म्हणून काढलेली, आणि तीही नॉर्थ कॅरोलायनात, आमच्या रिसर्च ट्रँगलमध्ये. मी तेव्हा इथेच एम.एस. करत होतो, त्यामुळे 'आपल्या गावची कंपनी' असा एक उगाचच अभिमान होता. (हायवेवरून जाताना 'तिकडे कुठेतरी आहे' म्हणून बोट दाखवण्यापलीकडे त्या अभिमानाचा काही उपयोग नव्हता.)

आम्ही चौघे होतो. मी पुण्याचा, एक सांगलीचा, एक नागपूरचा आणि एक डोंबिवलीचा. एकच अपार्टमेंट, दोन बेडरूम, एक तांदळाचं पोतं. शनिवारी रात्री लॅबमधल्या मशीन्स रिकाम्या असायच्या, तिथे नेटवर्कवर चौघे मिळून खेळायचो. त्या वेळच्या इतर गेम्समध्ये, म्हणजे 'डूम' किंवा 'क्वेक'मध्ये, हातात बंदूक घ्यायची आणि पळत सुटायचं असा प्रकार असे. रेनबो सिक्समध्ये पडद्यावर बंदूक दिसायचीसुद्धा नाही. नुसता एक नेम, तोही चालायला लागलं की फाकायचा. आणि एक गोळी लागली की बहुतेक वेळा कारभार आटोपला. तुमच्या पथकातला माणूस मेला की मेला, पुढच्या मोहिमेला तो नाही. त्याच्या जागी कमी अनुभवाचा कुणीतरी घ्यायचा.

म्हणून मोहीम सुरू होण्याआधी आखणी. इमारतीचा नकाशा समोर. आठ माणसं निवडायची, चारपर्यंत तुकड्या पाडायच्या, लाल, निळी, हिरवी, सोनेरी. प्रत्येक तुकडीचा मार्ग नकाशावर ठिपक्या-ठिपक्यांनी आखायचा, कुठे थांबायचं, कुठे आत ग्रेनेड टाकायचा, कुठे दार उडवायचं. आणि संकेत. 'आल्फा' म्हटलं की लाल तुकडी पुढच्या दारातून, 'ब्राव्हो' म्हटलं की निळी मागच्या जिन्याने. पहिलीच मोहीम लंडनमधल्या बेल्जियमच्या वकिलातीतली होती. दोन दारांतून एकाच क्षणी शिरलं तर ओलीस वाचायचे, एक तुकडी दोन सेकंद उशिरा आली तर नाही. आखणीत पाऊण तास जायचा आणि प्रत्यक्ष मोहीम चार मिनिटांत संपायची. मोहीम फसली की पुन्हा नकाशा.

तर या आखणीचा आमचा बादशहा म्हणजे सांगलीचा. गडी शांत, बोलणं हळू, आणि हात तर त्याहून हळू. माउसवर त्याचा नेम कधी म्हणजे कधीच लागला नाही. भिंतीशी एक हात अंतरावर उभा असलेला अतिरेकी त्याच्याकडून चुकायचा. पण नकाशा समोर आला की त्याचं डोकं असं चालायचं की आम्ही तिघे गप्प. तो सांगायचा, "हे बघा, हा लाल महाल आहे. आत शिरायचं, काम करायचं, बाहेर पडायचं. पावनखिंड करायची न्हाई." नागपूरकराला नेमकी पावनखिंडच आवडायची. तो म्हणायचा, "अबे किती विचार करून राहिला बे, घुस ना सरळ!" आणि घुसायचा, आणि मरायचा. मग सांगलीकर शांतपणे नव्याने ठिपके टाकायला बसायचा. आमच्यात ज्याचा नेम सगळ्यात वाईट, तोच आमचा सेनापती होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. दुसऱ्या कुठल्या बंदुकीच्या गेममध्ये असं होऊ शकलं असतं असं मला वाटत नाही.

पुढे १९९९ मध्ये 'रोग स्पिअर' आला, २००० मध्ये रेड स्टॉर्म कंपनी यूबिसॉफ्टने विकत घेतली, आणि मार्च २००३ मध्ये पीसीवर 'रेव्हन शील्ड' आला. हा मॉन्ट्रियलमध्ये बनवलेला. आता बंदूक दिसू लागली होती, पण आखणी जशीच्या तशी, आणि माउसचं चाक फिरवून दार इंचाइंचाने किलकिलं करायची सोय. मला विचाराल तर या मालिकेतला सगळ्यात चांगला हाच.

तोपर्यंत आम्ही चौघे पांगलो होतो. नोकऱ्या, लग्नं, ग्रीन कार्डाच्या रांगा. मी इथेच राहिलो, सांगलीकर ह्यूस्टनला, नागपूरकर कॅलिफोर्नियात, डोंबिवलीकर अर्थातच न्यू जर्सीत. फोनवर बोलणं व्हायचं ते गणपती-दिवाळीला, तेही "काय मग, कसं काय" पलीकडे जायचं नाही. पुरुषांना फोनवर गप्पा मारता येत नाहीत हे माझं जुनं मत आहे. त्यांना हातात काहीतरी काम लागतं, पत्ते तरी, नाहीतर बिघडलेली स्कूटर तरी.

ते काम आम्हाला एक्सबॉक्सने दिलं. नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह सुरू झालं होतं आणि ऑक्टोबर २००३ मध्ये 'रेनबो सिक्स थ्री' एक्सबॉक्सवर आला. कानाला हेडसेट लावायचा आणि चार गावांतून चौघांनी एकाच इमारतीत शिरायचं. शुक्रवारी रात्री माझ्याकडे दहा वाजता, ह्यूस्टनला नऊ, कॅलिफोर्नियात सात. नागपूरकर ऑफिसातून धापा टाकत घरी पोचायचा आणि त्याच्या चहाच्या भुरक्यांचा आवाज आम्हा तिघांना ऐकू यायचा. माझी बायको याला 'शुक्रवारचं भजनी मंडळ' म्हणायची.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या एक्सबॉक्सवाल्या गेममध्ये नकाशावरची आखणी नव्हती. ती तेव्हाच गेली होती. तुम्ही म्हणजे डिंग चावेझ, बरोबर प्राइस, लॉइझेल आणि वेबर, चौघांची एकच तुकडी. आज इंटरनेटवर जुने लोक हळहळतात की कन्सोलने आखणी मारली, म्हणून मालिका बिघडली. मला हे पटत नाही. कंट्रोलरच्या अंगठ्याने, दहा फुटांवरच्या जुन्या टीव्हीवर नकाशात ठिपके टाकत बसणं म्हणजे शिक्षाच होती, आणि ते काढून टाकलं हे ठीकच केलं. कारण त्यांनी भीती ठेवली होती. दोन-तीन गोळ्यांत खेळ खलास. त्यामुळे प्रत्येक दाराशी आम्ही थांबायचो. दार उघडून आत फ्लॅश टाकायचा की आधी दुसऱ्या दाराशी जायचं? दाराशी माणूस उभा करून 'झुलू' म्हटल्यावरच आत शिरायचं अशीही सोय होती. (एकट्याने खेळताना हे हुकूम हेडसेटवर इंग्रजीत बोलून देता यायचे. माझा पुणेरी 'फ्लॅश अँड क्लिअर' त्या यंत्राला पाचात दोनदा कळायचा.) चौघे खेळताना नकाशा पडद्यावर नसला तरी सांगलीकराच्या डोक्यात असायचा. "थांबा की रं. तू डाव्या दाराला. मी म्हणेन तवाच." आखणी आता तोंडी झाली होती, एवढाच फरक. त्याचा नेम तसाच दिव्य होता आणि सेनापती अजूनही तोच होता.

ऑगस्ट २००४ मध्ये 'ब्लॅक ॲरो' आला, तोही याच घाटाचा, तो वर्षभर पुरला. आणि मग लॉकडाउन.

हा पुन्हा रेड स्टॉर्मने केलेला, म्हणजे 'आपल्या गावचा'. माझ्या अपेक्षा जरा जास्तच होत्या. पन्नास डॉलर देऊन पहिल्याच आठवड्यात आणला, चौघांनीही. पहिल्या दहा मिनिटांत दिसलं ते सुंदर दिसलं. सगळं हेल्मेटच्या काचेतून बघतो आहोत असं दाखवलं होतं, श्वासाचा आवाज, मार बसला की काचेला तडे. दार उघडायचे प्रकार वाढवले होते, घणाने फोडा, शॉटगनने कुलूप उडवा, स्फोटकं लावा. डोंबिवलीकर म्हणाला, "आता बघा मजा."

मजा दुसऱ्या मोहिमेपर्यंत टिकली. नंतर लक्षात आलं की दार कसंही उघडलं तरी चालतंय. आत शिरल्यावर पाच-सहा गोळ्या अंगावर घेऊनही माणूस उभा राहतो आणि समोरच्यांना टिपतो. अतिरेकी एकतर खांबासारखे उभे, नाहीतर आपल्या अंगावर रांगेने पळत येणारे. इमारतीही तशाच. पूर्वी तीन दारं, दोन जिने, एक खिडकी असायची आणि कुठून जायचं यावर भांडण व्हायचं. आता बोळ, मग खोली, मग बोळ. वाट एकच, तर आखणार काय? एकट्याने खेळलं की संगणकाचे साथीदार कधी दारात अडून राहायचे, कधी मागे रेंगाळायचे, आणि मग त्यांना हुकूम देण्यापेक्षा आपणच गोळ्या झाडलेल्या बऱ्या असं होऊन जायचं.

त्यात वेबरच्या मोहिमा. हा जर्मन नेमबाज एका जागी ठाण मांडून बसतो, तुम्ही दुर्बिणीतून बघायचं, खाली चावेझ पुढे सरकतो आहे, आणि खिडक्या-गच्च्यांवरून लाटेमागून लाट अतिरेकी उगवतात. टिपत राहा. जत्रेतल्या फुगे फोडायच्या स्टॉलवर याहून थोडा जास्त विचार करावा लागतो. पावनखिंड म्हणावी तर तिथे निदान कुणीतरी प्राण तरी लावले होते.

यात खरं काय बिघडलं ते मी बरीच वर्षं घोळवलं आहे, कारण आखणीचा पडदा गेला हे उत्तर पुरत नाही, तो तर २००३ सालीच गेला होता आणि आम्ही मजेत होतो. लॉकडाउनने भीती काढून टाकली. दारामागे कोण असेल याची धास्ती नसली की दाराशी कुणी थांबत नाही. कुणी थांबलं नाही की कुणी कुणाला विचारत नाही. बटणं सगळी जागच्या जागी होती. तुकडीला हुकूम देता येत होते, 'झुलू' होता, हेडसेट होता. फक्त ते वापरायची गरज पडत नव्हती.

का केलं असेल? माझा अंदाज सांगतो, तो अंदाज म्हणूनच घ्या. नोव्हेंबर २००४ मध्ये 'हेलो टू' आला होता आणि एक्सबॉक्सवाल्या जगात दुसरं काही दिसेनासं झालं होतं. सगळ्यांनाच वेग हवा होता. त्याच कंपनीच्या 'घोस्ट रिकन'चंही २००४ मध्ये हेच झालं, दुसरा भाग कन्सोलसाठी बदलला आणि पीसीची आवृत्ती तर रद्दच केली. शिवाय एकच गेम तीन यंत्रांवर चालवायचा. एक्सबॉक्समध्ये मेमरी ६४ एमबी, प्लेस्टेशन टूमध्ये ३२. एवढ्यात अनेक वाटांची मोठी इमारत आणि हुशार शत्रू एकदम बसवणं सोपं नव्हतं, बोळ बसवणं सोपं. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे त्या टीमची दया येते. तारीख ठरलेली, वरून यादी आलेली, आणि कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं असणार की प्रेक्षकवर्ग वाढवायचा आहे. ते कुणाचं चुकलं असं नाही, पण जे वाढवायला गेले ते आणि जे होते ते, दोन्ही हातचे गेले. पीसीची आवृत्ती फेब्रुवारी २००६ मध्ये आली, तीही आखणीशिवाय, आणि रेव्हन शील्ड खेळलेल्यांनी तिला जवळही केलं नाही.

एक मात्र कबूल करायला हवं की परीक्षणं काही अगदी वाईट नव्हती, कन्सोलवर तर बऱ्यापैकी होती. एक्सबॉक्स लाइव्हवर 'परसिस्टंट एलिट क्रिएशन' नावाचा प्रकार होता, आपलं एक पात्र बनवायचं, कमांडो, इंजिनिअर, मेडिक असं काहीतरी, खेळून गुण मिळवायचे आणि त्यांतून सामान नि कौशल्यं घ्यायची. आज प्रत्येक गेममध्ये हे असतं, २००५ मध्ये नवं होतं. नागपूरकर त्यात रमला. त्याचं पात्र भराभर वर चढलं आणि तो अनोळखी लोकांबरोबर रोज रात्री खेळू लागला.

सांगलीकराचं काय झालं ते सांगतो. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी आम्ही तिघे एका खोलीत घुसलो, साफ केली, पुढच्या खोलीत घुसलो, साफ केली. तो मागून म्हणत होता, "थांबा, त्या बाजूला जिना असंल." जिना नव्हता. असला तरी फरक पडला नसता. पंधरा मिनिटांनी मोहीम संपली तेव्हा तो अजून दुसऱ्या खोलीच्या दाराशी होता. कुणी त्याला हसलं नाही. तोही काही बोलला नाही. पुढच्या शुक्रवारी म्हणाला, मुलीला ताप आहे. मग ऑफिसचं रिलीज. मग थँक्सगिव्हिंग. हेडसेटवर तीन आवाज उरले आणि तीन आवाजांत गप्पा होत नाहीत, नुसतं "डावीकडे, डावीकडे" होतं. आम्ही तिघांनी म्हटलं, चला, जुना ब्लॅक ॲरो लावू. दोनदा लावलाही. पण नागपूरकराला आता नव्याची चटक लागली होती आणि त्यालाही दोष कसा द्यायचा, त्याला पहिल्यापासून घुसायचंच तर होतं. जानेवारीत मी लॉकडाउन दुकानात परत विकला, चौदा डॉलर आले.

मार्च २००६ मध्ये एक्सबॉक्सवर 'क्रिटिकल अवर' नावाचा आणखी एक आला, म्हणे जुन्या लोकांसाठी. मी घेतला, एकट्याने खेळलो. नोव्हेंबरमध्ये 'व्हेगस' आला, तो उत्तम गेम होता, त्याबद्दल वाद नाही, फक्त भिंतीआड क्षणभर थांबलं की जखमा आपोआप भरायच्या, म्हणजे भीतीचा विषय कायमचा मिटला. जुन्या एक्सबॉक्ससाठीचं लाइव्ह १५ एप्रिल २०१० ला बंद झालं, त्या दिवशी लोक शेवटचं म्हणून रात्रभर खेळत बसले होते असं वाचलं. आमच्यातलं कुणी नव्हतं.

त्यानंतर ती मालिका पुन्हा वळली हे मात्र खरं. डिसेंबर २०१५ चा 'सीज' पाच विरुद्ध पाच, गोळी लागली की जवळजवळ संपलंच, आणि सुरुवातीला पाऊण मिनिट फक्त तयारीसाठी, एका बाजूने खिडक्या बुजवायच्या, दुसऱ्याने छोटे ड्रोन सोडून आत कोण कुठे आहे ते बघायचं. भीती परत आली आणि तिच्याबरोबर लोक एकमेकांशी बोलायलाही लागले. माझा भाचा पुण्यात रात्री एक वाजता हेडसेट लावून ओरडतो ते मी फोनवर ऐकलं आहे, ताई वैतागलेली असते. मला स्वतःला तो झेपत नाही. पंचेचाळीस सेकंदांत आखणी करायचं माझं वय राहिलेलं नाही, आणि सांगलीकराला तर पाऊण तास लागायचा.

त्याच्यासाठी एक वेगळाच गेम सापडला, २०१४ चा 'डोअर किकर्स', एका छोट्या कंपनीचा. वरून दिसणारा इमारतीचा नकाशा, प्रत्येक माणसाची वाट बोटाने आखायची, संकेत द्यायचे, आणि मग नुसतं बघायचं. नेम तुम्हाला धरावाच लागत नाही. मी त्याला लिंक पाठवली आणि विसरून गेलो. सहा महिन्यांनी त्याच्याकडून टॅब्लेटच्या पडद्याचा एक फोटो आला, चार रंगांच्या रेषा, तीन दारं, खाली एकच ओळ: "मागच्या दाराला कोण जाणार ते सांग."

मी डोंबिवलीकराचं नाव कळवलं. नागपूरकराला फोटो पुढे धाडला आहे, त्याचं उत्तर आलं, "अबे, सरळ घुस ना."